कंबरदुखी: व्यायामासोबत समजावून सांगायची पद्धत कुठून आली

फिजिओथेरपीसोबत (फिजिओ) पेशंटला दुखण्याबद्दल शिकवायचं, याची सुरुवात साधारण १९६९ च्या स्वीडनमधल्या 'बॅक स्कूल'पासून धरतात. कसं बसायचं, वजन कसं उचलायचं, मणका कसा असतो, असं सगळं तिथे शिकवायचे आणि भर पाठ जपण्यावर. पुढे १९८६ च्या एका ट्रायलमध्ये सात दिवस आडवं पडून दोन दिवसांपेक्षा जास्त काही मिळत नाही असं दिसलं, मग बेड रेस्ट मागे पडली.

पण शिकवायचं काय, यावरचा वाद अजून मिटलेला नाही. १९९४ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले तर निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे गाद्या, फुगलेल्या निघाल्या. मग रिपोर्ट दाखवून "गादी सरकलीय, जपून राहा" म्हणणं म्हणजे पेशंटला घाबरवणंच नाही का? त्यातून दुसरा विचार पुढे आला, की मणक्याचं चित्र दाखवत बसण्यापेक्षा दुखणं तयार कसं होतं ते सांगा, तीन महिन्यांच्या वर गेलेल्या दुखण्यात नसाच जास्त हळव्या झालेल्या असू शकतात, दुखतंय म्हणजे आत दर वेळी काही तुटतंच असं नाही.

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियात ५७ जणांवर हे करून बघितलं, अर्ध्यांना चार आठवडे आठवड्याला दोनदा फिजिओ आणि एकदा हे शिकवणं, बाकीच्यांना नेहमीची डॉक्टरी ट्रीटमेंट. पहिल्या गटाचं दुखणं जास्त कमी झालं आणि वर्षभरानंतरही फरक टिकला. आता यात फिजिओचा वाटा किती आणि शिकवण्याचा किती हे वेगळं काढता येत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. २०१९ ला २०२ जणांच्या ट्रायलमध्ये नुसत्या शिकवण्याने दुखण्यात फरक पडला नाही, पण ते नुकतीच कंबर धरलेले लोक होते, जुने पेशंट नव्हते, ही गोष्ट लोक विसरतात. माझ्या मते दोन्ही जोडीनेच द्यायला हवं.

आपल्याकडे गोव्यात मात्र शिकवणं म्हणजे अजून "वाकू नका, खाली बसू नका, बेल्ट लावा", तेही पाठीवर शेकाची पिशवी असताना पडद्याआडून. पेडण्याची बाई घरी जाऊन भात लावणार, ती न वाकता कशी लावेल? हातात व्यायामाचा झेरॉक्स देतात तो इंग्लिशमध्ये. डिचोली-साखळीकडे वर्षानुवर्षं खाणीचे ट्रक चालवलेले लोक येतात, त्यांनाही मशीनच हवं असतं, कारण मशीन लावलं की काहीतरी केलं असं वाटतं. त्यांना दोष देत नाही, दुसरं काही कोणी सांगितलेलंच नाही. दुखणं तयार कसं होतं हे कोकणी-मराठीत वीस मिनिटं बसून सांगितलं तर लोक ऐकतात, प्रश्नही विचारतात.

डिसेंबर २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या गाइडलाइनमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी शिकवणं आणि व्यायाम दोन्ही आहेत, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), अल्ट्रासाऊंड मशीनची ट्रीटमेंट आणि बेल्ट मात्र रोजच्या ट्रीटमेंटमध्ये नकोत म्हटलंय. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातच ४९२ जणांच्या ट्रायलमध्ये फिजिओंनी हालचाल आणि समजावणं एकाच बैठकीत करून बघितलं, पेशंटला ज्या हालचालीची भीती वाटते तीच त्याच्याकडून हळूहळू करून घेत, आणि वर्षानंतरही ते लोक रोजची कामं जास्त चांगली करत होते.