मेलो-रूस काउंटीने रिफायनान्स केला म्हणजे कर्ज फिटलं? नाही हो

कॅलिफोर्नियात नवीन कॉलनीत घर घेणाऱ्या आपल्या मराठी मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की मेलो-रूस डिस्ट्रिक्टचे (कॉलनीतल्या रस्ते-शाळांसाठी बनवलेला खास कर-विभाग) बाँड, म्हणजे कर्जरोखे, काउंटीने रिफायनान्स केले की कर्ज काउंटीच्या डोक्यावर जातं आणि त्यासाठी घरावर लागणारा आपला स्पेशल टॅक्स संपतो. असं अजिबात नसतं, आणि यावर विसंबून लोक घराचं बजेट बसवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने प्रॉपर्टी टॅक्स साधारण १ टक्क्यावर बांधला, मग रस्ते, शाळा, पाइपलाइनला पैसा आणायचा कुठून, म्हणून १९८२ मध्ये मेलो-रूस कायदा आला. काउंटीने डिस्ट्रिक्ट बनवलं असेल तर काउंटीचंच बोर्ड त्याचा कारभार बघतं, बाँडही तेच काढतं, त्यामुळे घोळ होतो. पण तारण असतो तुमच्या घरावरचा स्पेशल टॅक्स, सहसा काउंटीची तिजोरी नाही. तो थकला तर जप्तीची केस तुमच्या घरावर.

रिफायनान्स म्हणजे व्याज उतरलं की नवीन स्वस्त बाँड काढून जुने महाग फेडायचे, बस. मुद्दल तिथेच, फेडणारे तुम्हीच. वाचलेल्या व्याजातून टॅक्स थोडा उतरू शकतो, पण उतरेलच असं नाही, ते त्या डिस्ट्रिक्टच्या फॉर्म्युल्यावर आहे.

टॅक्स बिल हातात घ्या, १ टक्क्याच्या ओळीखाली सीएफडी (कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट, म्हणजे हाच मेलो-रूस डिस्ट्रिक्ट) अशी वेगळी ओळ दिसेल, शेजारी फोन नंबरही असतो बऱ्याचदा. या टॅक्सचं शेवटचं वर्ष कुठलं, तेवढं घर घ्यायच्या आधी विचारा.