प्राणिगृहात डोकावणारा बाहेरचा माणूस

शिरपूर, चोपडा, फैजपूर, शहादा अशा गावांत फार्मसी कॉलेजं निघाली, एम. फार्म.चे वर्ग आले आणि त्यांच्या पाठोपाठ उंदीर-ससे ठेवायची प्राणिगृहं आली. प्रयोगाआधी नॉमिनीसमोर, म्हणजे केंद्रीय समितीने नेमलेल्या बाहेरच्या सदस्यासमोर, प्रस्ताव ठेवायचा, हे आज इथल्या विद्यार्थ्याला अंगवळणी पडलंय. पण हा बाहेरचा माणूस कायद्यानंतर जवळजवळ चार दशकांनी आला.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या विषयातून तो आला. शास्त्रीय प्रयोगांना कायद्याने मनाई नाही, मात्र कलम 15 नुसार त्यांवर देखरेखीसाठी समिती नेमता येते. पुस्तक, मॉडेल किंवा फिल्मवर शिकवणं भागत असेल तर प्राणी वापरू नये, हेही तेव्हाच लिहिलं गेलं. दंड मात्र जास्तीत जास्त 200 रुपये! 1964 मध्ये ही केंद्रीय समिती झाली खरी, पण दिल्लीतल्या एका समितीने देशभरातले पिंजरे तपासायचे कसे? प्रत्यक्षात प्रयोग करणाराच स्वतःचा परीक्षक असायचा.

मनेका गांधी या केंद्रीय समितीच्या अध्यक्ष असताना 1998 चे नियम आले, तेव्हा चित्र पालटलं. संस्थेची नोंदणी आणि संस्थेतच प्राणी नीतिमत्ता समिती, म्हणजे आयएईसी, सक्तीची झाली. या समितीत आठ जण असतात: एक जीवशास्त्रज्ञ, वेगवेगळ्या शाखांचे दोन शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा समाजभान असलेला सदस्य आणि केंद्रीय समितीचा नॉमिनी. घरचे पाच जण संस्था सुचवते. बाहेरचे तिघे केंद्रीय समितीच्या यादीतून येतात. खरी मेख इथेच आहे, कारण प्राचार्यांनी स्वतःच नेमलेला सदस्य प्राचार्यांच्या प्रस्तावाला ‘नाही’ म्हणेल, ही अपेक्षाच भाबडी. कुत्रा, माकड, गाय-म्हैस अशा मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव तर आयएईसीच्या शिफारशीसह केंद्रीय समितीकडे जातात.

नॉमिनी नुसता बाहेरचा असून भागत नाही, तो जाणकारही हवा. मधुमेहावरच्या वनौषधीचा नेहमीचा प्रस्ताव घ्या: सहा उंदरांचा एक, असे पाच गट, म्हणजे 30 उंदीर. अजाण सदस्य बेरीज तपासून सही करतो. जाणकार विचारतो, स्ट्रेप्टोझोटोसिन (उंदरांत मधुमेह निर्माण करणारं रसायन) दिल्यावर पहिल्या रात्री ग्लुकोजचं पाणी ठेवणार का? कारण स्वादुपिंडातल्या पेशी फुटून इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर घसरते आणि उंदीर दगावतात. मग ‘काही मेले, अजून द्या’ म्हणून पुन्हा अर्ज येतो. त्याच वनस्पतीची विषारकता आधी तपासलेली असेल, तर ती चाचणी पुन्हा कशाला, हाही त्याचाच प्रश्न.

खानदेशाची अडचण निराळी. विषय जाणणारी माणसं मोजकी, आणि तीच एकमेकांच्या कॉलेजात तोंडी परीक्षेला बहिस्थ परीक्षक म्हणून जातात. आज ज्याचा प्रस्ताव अडवायचा, तो उद्या आपल्या विद्यार्थ्याला गुण देणार! त्यामुळे बाहेरचा शास्त्रज्ञ दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा विद्यापीठाबाहेरचा असलेला बरा. स्वतःचा प्रस्ताव चर्चेला आला की त्या सदस्याने निर्णयात भाग घेऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. पशुवैद्य कागदापुरता असणं हा दुसरा दोष.

पदवी-पदव्युत्तर प्राणिशास्त्रातली बेडकांची चिरफाड यूजीसीच्या 2014 च्या आदेशाने थांबली, त्यामुळे समितीपुढे आता बहुतांशी संशोधनाचेच प्रस्ताव येतात. 2019 मध्ये केंद्रीय समिती पर्यावरण मंत्रालयाकडून पशुसंवर्धनाकडे गेली आणि पुढे तिचं इंग्रजी लघुनाव सीपीसीएसईएचं सीसीएसईए झालं. नॉमिनीचं काम तेच राहिलं.

प्राणिगृहाच्या तपासणीत इकडे एक कागद आवर्जून मागावा: मे महिन्याची तापमान नोंदवही. मार्गदर्शक सूचनांत 18 ते 29 अंश आणि 30 ते 70 टक्के आर्द्रता आहे, तर भुसावळ-जळगावात बाहेर पारा 45 च्या आसपास असतो. रोज सकाळ-संध्याकाळ एकाच शाईने ‘25’ लिहिलेलं दिसलं, तर वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो का, ते तिथेच मुख्य वीज बंद करून पाहावं.