प्रादेशिक वाहतूक नियोजन : राज्य विरुद्ध स्थानिक सत्ता (अमेरिका)

महानगर भागात आधी कुठला रस्ता, कुठला पूल किंवा कुठली रेल्वे लाइन बांधायची हे राज्य सरकारने ठरवायचं की तिथली शहरं आणि काउंट्यांनी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) मिळून, हा अमेरिकेतला जुना वाद. कायद्याने राज्याचं पारडं जडच आहे, कारण अमेरिकी राज्यघटनेत शहरांचा उल्लेखच नाही आणि आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये मांडलं तसं, शहराला अधिकार तेवढेच जेवढे राज्याने दिले. सुप्रीम कोर्टाचा १९०७ चा हंटर विरुद्ध पिट्सबर्ग हा निकालही त्याच वळणाचा. त्यात १९५६ पासून इंटरस्टेट हायवेचा ९० टक्के खर्च केंद्र देऊ लागलं आणि तो पैसा राज्यांच्या हायवे खात्यांतून जायचा, म्हणजे नकाशा आणि तिजोरी दोन्ही एकाच ऑफिसात.

स्थानिकांचा वाटा नेमका कधी सुरू झाला यावर एकमत नाही. बरेच जण १९६२ चा हायवे कायदा धरतात. त्यात ५० हजारांहून जास्त वस्तीच्या शहरी भागांसाठी अट होती की १ जुलै १९६५ नंतर केंद्राचा पैसा हवा तर नियोजन निरंतर, सर्वंकष आणि राज्य-स्थानिक सहकार्याने झालं पाहिजे (कंटिन्युइंग, कॉम्प्रिहेन्सिव्ह, कोऑपरेटिव्ह, म्हणून यालाच 'थ्री सी' म्हणतात). पण हे सहकार्य कुठल्या संस्थेने घडवायचं ते कायद्यात नव्हतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हायवे खातंच अभ्यास करायचं आणि महापौर मंडळी कमिटीत बसायची. काही जण आणखी मागे १९५५ च्या शिकागोच्या वाहतूक अभ्यासापर्यंत जातात, त्यात राज्य, काउंटी आणि शहर तिघंही होते खरे, पण तो एक अभ्यास-प्रकल्प होता, कायमची सत्ता नव्हे. १९७३ च्या कायद्याने नियोजनासाठी वेगळा निधी राखून ठेवला आणि १९७५ च्या नियमांनी महानगर नियोजन संघटना, म्हणजे एमपीओ, आणि तिची कामांची यादी (टीआयपी) सक्तीची केली. सुरुवात इथूनच धरणं जास्त पटतं, स्वतःचा पैसा नसलेल्या कमिटीला सत्ता कोण म्हणेल?

१९८३ मध्ये रेगन सरकारने नियम सैल केले आणि काटा परत राज्याकडे झुकला. १९९१ च्या 'आइस्टी' या केंद्राच्या वाहतूक कायद्याने तो बराचसा उलटा फिरवला, पण बारीक अक्षरात. २ लाखांवर लोकसंख्या असलेल्या भागात बरीचशी कामं एमपीओ निवडणार, राज्याशी 'सल्लामसलत' करून, मात्र राष्ट्रीय हायवे, पूल आणि इंटरस्टेट दुरुस्तीची कामं राज्य निवडणार, एमपीओच्या 'सहकार्याने'. हे दोन शब्द सारखे वाटतात पण नाहीत, सल्लामसलतीत समोरच्याचं ऐकून घेऊन शेवटी आपल्याला हवं ते करता येतं, सहकार्यात निदान जुळवून घ्यायचा प्रयत्न करावा लागतो, आणि वाद झाला की दोन्ही बाजू हेच शब्द काढून बसतात. शिवाय टीआयपीला एमपीओ आणि गव्हर्नर (राज्य सरकारचा निवडून आलेला प्रमुख) दोघांची मंजुरी लागते, म्हणजे अडवून धरायची ताकद दोघांकडेही. एमपीओ नेमतानाही गव्हर्नर आणि किमान ७५ टक्के लोकसंख्येचं प्रतिनिधित्व करणाऱ्या स्थानिक संस्था (त्यात सगळ्यात मोठं शहर आलंच) यांचं जमावं लागतं.

प्रत्यक्षात तऱ्हा वेगवेगळ्या. पोर्टलंडच्या 'मेट्रो' या एमपीओचं (ही रेल्वे नव्हे) कौन्सिल लोक थेट निवडून देतात, असं प्रादेशिक सरकार देशात दुसरं नाही. उलट मिनियापोलिस-सेंट पॉलच्या मेट्रोपॉलिटन कौन्सिलचे सगळे १७ सदस्य गव्हर्नर नेमतो. कॅलिफोर्नियाने १९९७ मध्ये राज्याच्या वाहतूक सुधारणा निधीचा ७५ टक्के भाग प्रदेशांना दिला आणि २५ टक्के स्वतःकडे ठेवला. अटलांटात हवेच्या प्रदूषणाच्या निकषांवरून केंद्राचा पैसा अडकला तेव्हा जॉर्जियाने १९९९ मध्ये वर एक राज्य-प्राधिकरणच बसवलं.

केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये एकाच शहरी भागातल्या अनेक एमपीओंनी एकत्र यावं किंवा एकच आराखडा करावा असा नियम आणला, राज्यं आणि एमपीओ दोघांनीही ओरड केली आणि २०१७ मध्ये काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) तो रद्द केला, या एका बाबतीत मात्र दोघं एका बाजूला दिसले.

ग्रामीण भागासाठी अशीच संघटना २०१२ च्या कायद्यात आली, पण ती नेमायची की नाही हे परत राज्यावरच सोडलंय.