फोन घेण्याआधी त्याचं कुलूप बघा

बेळगावात नवा फोन घेणाऱ्यांच्या तोंडी हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो, "ह्यावर कुठला रॉम टाकू?" रॉम म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी फोनवर टाकायची दुसरी कार्यप्रणाली. विचारणारी सगळी इंजिनिअरिंगची पोरं नसतात. उद्यमबागेत लेथवर काम करणारे असतात, निपाणीचे दुकानदार असतात, खानापूरकडचे गुरुजीही असतात. त्यांची तक्रार रास्त आहे. न मागता आलेली ॲप काढता येत नाहीत, लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात, आणि अपडेट थांबले की धडधाकट फोनसुद्धा धोक्याचा होतो. कंपनीची कार्यप्रणाली काढून मुक्त स्रोताची, म्हणजे जिचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशी, प्रणाली टाकणं हा त्यावरचा खरा उपाय आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण रॉमचा प्रश्न नंतरचा. त्याआधीचा प्रश्न दुकानात उभं असतानाच सुटायला हवा: ह्या फोनच्या बूटलोडरचं, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप उघडतं का, आणि उघडल्यावर पुन्हा लागतं का?

पॉवरचं बटण दाबल्यापासून लोगो दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन जातं. चिपमध्ये कारखान्यातच कायमचा बसवलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी चालू होतो. तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो आणि सही जुळली तरच त्याच्या हाती कारभार देतो. अशी तपासणी होत होत बूटलोडरपर्यंत येते, आणि बूटलोडर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तपासतो. पुढचं सिस्टीम विभाजन, म्हणजे प्रणालीच्या बाकीच्या फाइलींची जागा, कित्येक जीबीचं असतं. ते सगळं एकदम तपासत बसलं तर फोन चालू व्हायलाच वेळ जाईल. म्हणून त्याचे चार-चार केबीचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हॅश, म्हणजे त्यातल्या माहितीवरून गणिताने निघणारा ठरावीक लांबीचा आकडा, आधीच काढून ठेवलेला असतो. त्या आकड्यांचे पुन्हा हॅश, त्यांचे पुन्हा, असं करत शेवटी एकच आकडा उरतो आणि त्याची खात्री सहीने पटवलेली असते. वापरताना जो तुकडा वाचायचा, तो वाचतानाच तपासला जातो. त्यातला एक बिट जरी बदलला असला तरी आकडा साफ वेगळा येतो आणि चोरी उघडी पडते.

बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे त्याला सांगणं, की इथून पुढे सही जुळली नाही तरी चालू दे. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तोही मुद्दाम. नाहीतर फोन चोरणाऱ्याला कुलूप उघडून स्वतःची प्रणाली टाकायची आणि आतला डेटा उकरायचा रस्ता मोकळा झाला असता.

अनलॉक केल्यावर फोन दर वेळी चालू होताना इशारा देतो. अँड्रॉइडने ह्या अवस्थांना रंग दिले आहेत. हिरवा म्हणजे कुलूप बंद आणि सही कंपनीची. नारिंगी म्हणजे कुलूप उघडं. लाल म्हणजे तपासणीत घोळ. चौथा रंग पिवळा, आणि रॉमवाल्यांनी नजर ठेवावी ती ह्याच्यावर. कुलूप बंद आहे, पण सही तपासायची किल्ली फोनच्या मालकाने बसवलेली आहे, असा त्याचा अर्थ. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ही सोय आहे. बहुतेक फोनमध्ये मात्र नाही. तिथे परकी प्रणाली असताना कुलूप लावायला गेलात तर फोन सुरूच होत नाही, म्हणून तो जन्मभर नारिंगीतच राहतो. असा फोन दुरुस्तीला टाकला, किंवा दहा मिनिटं कुणा जाणकाराच्या हाती राहिला, तर आतल्या सिस्टीममध्ये काही घुसवलं गेलं का, हे फोन स्वतः तुम्हाला सांगू शकत नाही.

कंपन्यांचं धोरण सारखं नाही. काही सरळ परवानगी देतात, काही खातं उघडायला लावून दिवसचे दिवस थांबवतात, काही देतच नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स ह्या सुरक्षा व्यवस्थेची इलेक्ट्रॉनिक फ्यूज असते. परकी प्रणाली टाकली की ती कायमची उडते, आणि नंतर मूळ सॉफ्टवेअर परत मारलं तरी जुळत नाही. त्यामुळे कंपनीच्या नावावर जाऊ नका, नेमकं मॉडेल बघा. फोन हातात आला की सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतील. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' हे बटण शोधा. नेट चालू असूनही ते करडं राहिलं आणि दाबता आलं नाही, तर निदान आज तरी ते कुलूप उघडणार नाही. भाच्याने अमेरिकेतून आणलेल्या पिक्सेलमध्ये हे हमखास तपासावं, कारण तिथल्या काही मोबाइल कंपन्यांनी विकलेल्या फोनचं हे बटण कायमचं बंद असतं.

दुसरी गोष्ट फारसं कुणी बघत नाही. लिनक्स कर्नलच्या परवान्यामुळे फोन कंपनीला त्याचा स्रोत खुला करावा लागतो. पण मॉडेम, कॅमेरा, फिंगरप्रिंट चालवणारी बरीचशी सॉफ्टवेअर चिपवाल्यांच्या मालकीची आणि बंद असतात. रॉम बांधणारे स्वयंसेवक ती कंपनीच्या अपडेटमधून जशीच्या तशी उचलतात. कंपनीने अपडेट थांबवले की तो भाग तिथेच गोठतो. लिनिएज-ओएस हा रॉम टाकलेल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अँड्रॉइड आवृत्ती' उघडलीत तर सुरक्षा पॅचच्या दोन तारखा दिसतात, एक अँड्रॉइडची, दुसरी व्हेंडरची, म्हणजे ह्या बंद भागाची. पहिली गेल्या महिन्याची आणि दुसरी तीन वर्षांपूर्वीची, असं जुन्या फोनवर सर्रास आढळतं. माडी नवी, पाया जुना. जुना फोन कचऱ्यात जाण्यापेक्षा हे बरंच, पण नवा फोन घेताना पाया किती वर्षं टिकणार हे विचारायलाच हवं. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने सात वर्षं अपडेटचं वचन दिलं आहे, ते इथे कामी येतं.

आता प्रणालींकडे येऊ. २००९ मध्ये सुरू झालेला सायनोजेनमॉड २०१६ च्या डिसेंबरात बंद पडला आणि त्याच कामातून लिनिएज-ओएस उभा राहिला. सगळ्यात जास्त फोनवर चालणाऱ्यांत तोच. गूगलच्या सेवा त्यात मुळात नसतात, हव्या तर वेगळ्या टाकाव्या लागतात. मँड्रेक लिनक्स सुरू करणाऱ्या गाएल दुवाल यांचा ई-ओएस गूगलऐवजी मायक्रो-जी नावाचा मुक्त पर्याय देतो. ग्राफीन-ओएस जवळपास पिक्सेलपुरताच आहे. पिवळं कुलूप तो वापरतो, आणि गूगल प्ले टाकलंच तर त्याला इतर ॲपसारख्याच मर्यादेत कोंडून ठेवतो. माझं मत विचाराल तर नव्या फोनसाठी हाच पहिला, पिक्सेल परवडत असेल तर. उबुंटू टच आणि पोस्टमार्केट-ओएस हे अँड्रॉइड नव्हेतच. त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण रोजच्या फोनवर नकोत. आयआयटी मद्रासच्या आवारात तयार झालेला, २०२३ मध्ये गाजलेला भारोस संस्थांसाठी आहे, घरच्या फोनवर उतरवून घेण्याजोगा नाही.

आमच्या भागात काही गोष्टी मुद्दाम तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे साधा कॉल. जिओचं जाळं २०१६ मध्ये ४जीवरच उभं राहिलं, आता ५जीही आहे, पण त्याला २जी-३जीचा आधार नाही. तिथे आवाजसुद्धा डेटाच्या पाकिटांतून जातो, त्याला व्होल्टे म्हणतात. रॉममध्ये व्होल्टे नीट बसलेलं नसेल तर नेट चालेल, पण कॉल लागणार नाही. जांबोटी, कणकुंबीच्या रानात जे एक नेटवर्क मिळेल त्यावर भागवावं लागतं. तिथे ही अडचण रात्री-अपरात्री जिवावर बेतू शकते. आपल्या मॉडेलवर कॉल चालतो की नाही, हे तोच फोन आणि तेच सिम वापरणाऱ्याला विचारूनच पुढे जा.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. घरचा ग्रुप मराठीत, शाळेची नोटीस कन्नडमध्ये, असा आपला फोन. वाचण्याची चिंता नाही, अँड्रॉइडच्या मूळ फाँटमध्येच दोन्ही लिपी आहेत. प्रश्न कीबोर्डचा. गूगल नसलेल्या रॉमवर गूगलचा जी-बोर्ड आधीपासून नसतो. इंडिक कीबोर्डसारखा मुक्त पर्याय टाकून 'दुसऱ्या', 'बाळ', 'ॲप' हे शब्द लिहून बघा, आणि कन्नडमधली ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, अक्षराखाली नीट बसतात का तेही. एक उणीव मात्र मोठी आहे. मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलच्या ॲपमधून येते. गूगल गेलं की तीही गेली. घरातली वडीलधारी माणसं बोलूनच मेसेज करत असतील तर त्यांच्या फोनला हात लावू नका.

तिसरी, ठिकाण सापडण्याची. हद्दीपलीकडे चंदगड-कागलात जमीन असलेल्यांना तिकडची ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद, शेतात उभं राहून करावी लागते. जीपीएसचा उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट माहिती धाडतो. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे हे सांगणारा त्याचा मजकूर पूर्ण यायलाच सुमारे ३० सेकंद लागतात, आणि मध्ये झाडी किंवा डोंगर आला तर पुन्हा सुरुवात. फोन लगेच ठिकाण दाखवतो, कारण ही माहिती तो नेटवरून आधीच आणतो आणि आसपासच्या टॉवर-वायफायवरून अंदाज बांधतो. हा अंदाज बहुधा गूगलच्या सेवेतून येतो. ती नसेल तर उघड्या माळावर थोडं थांबावं लागतं, आणि घराच्या आत ठिकाण मिळेलच असं नाही.

राहिला पैशाचा व्यवहार, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. बँकेची आणि यूपीआयची अनेक ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटी ह्या सेवेला विचारतात, की हा फोन मूळ अवस्थेत आहे का. त्याचा पुरावा चिपमधल्या किल्लीने सही करून दिला जातो. नारिंगी फोन तिथेच नापास होतो. २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनसाठी हार्डवेअरचा पुरावा सक्तीचा झाल्याने फसवून पास होण्याच्या जुन्या युक्त्या आणखी अवघड झाल्या, आणि ज्यात पैसे आहेत त्या फोनवर त्या करूही नयेत. पिवळं कुलूप असलेला ग्राफीन-ओएस जास्त सुरक्षित असूनही गूगलच्या वरच्या परीक्षेत बसत नाही. बँकांनी ठरवलं तर त्या त्याची सही स्वतः ओळखू शकतात, तशी तांत्रिक सोय आहे. आपल्या बँकेचं ॲप चालतं का, हे फोन परत करायची मुदत संपायच्या आत बघावं. चालत नसेल आणि दुकानाचा क्यूआर त्याच नंबरवर असेल, तर बँकेचं सिम जुन्या, न उघडलेल्या फोनमध्ये ठेवावं. अगदी साधा बटणाचा फोन असला तरी *९९# आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं यूपीआय १२३पे त्यावर चालतं.