सिंगापूरमधील खाजगी बँकिंग

मोठी संपत्ती असलेल्या व्यक्तींच्या व कुटुंबांच्या पैशाची राखण करणे, तो गुंतवणे, त्याच्या तारणावर कर्ज देणे आणि मालकाच्या पश्चात तो वारसांच्या हाती नीट पोचवणे, या कामांना मिळून खाजगी बँकिंग म्हणतात. आपल्याकडे ‘खाजगी बँक’ म्हणजे सरकारी नसलेली बँक. येथे तो अर्थ नाही. स्वित्झर्लंडमध्ये रुजलेला हा व्यवसाय आशियात मुख्यतः हाँगकाँग आणि सिंगापूर या दोन ठिकाणी वाढला. सिंगापूरचे नाणे प्राधिकरण (तेथील मध्यवर्ती बँक, बोलीभाषेत ‘मास’) दरवर्षी आकडे प्रसिद्ध करते. त्यांनुसार 2024 अखेर तेथून व्यवस्थापित होणारी एकूण मालमत्ता 6 लाख कोटी सिंगापूर डॉलरांच्या वर गेली होती. यात पेन्शन फंड, म्युच्युअल फंड असे सगळेच आले; खाजगी बँकिंग हा त्यातला एक मोठा भाग. महत्त्वाची गोष्ट अशी की यातला तीन चतुर्थांशांहून अधिक पैसा सिंगापूरच्या बाहेरून आलेला असतो. परक्याचा पैसा आपल्या दारी यावा म्हणून या शहराने काय दिले आणि दारात त्याला कोणते प्रश्न विचारले, हाच या व्यवसायाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : परक्यांचा पैसा सांभाळणे सिंगापूरला नवे नव्हते. तमिळनाडूतील नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून मार्केट स्ट्रीटवर होत्या. एका लांबट खोलीत अनेक सावकार आपापली लाकडी पेटी आणि बैठे मेज मांडून ओळीने बसत. अशा जागेला ‘किट्टंगी’ म्हणत. व्यापारी आणि रबराचे मळेवाले तेथून कर्ज उचलत. व्यवहार ओळखीवर, शब्दावर आणि वहीतल्या नोंदीवर चाले. 1970 च्या दशकात शहराच्या पुनर्रचनेत त्या इमारती गेल्या आणि त्या परिसरात बँकांचे मनोरे उभे राहिले. जुन्या पेढीचा मुनीम आणि आजच्या मनोऱ्यातला बँकर यांच्या कामात वाटते त्यापेक्षा पुष्कळ साम्य आहे. दोघांनाही घराण्याच्या आतल्या गोष्टी ठाऊक असतात आणि त्या बाहेर न बोलण्यावर दोघांचाही चरितार्थ चालतो.

आधुनिक पर्वाची सुरुवात 1968 ची. 1965 मध्ये स्वतंत्र झालेल्या या बेटाला पुरेशी शेती नव्हती, खनिजे नव्हती, पिण्याचे पाणीही बरेचसे मलेशियातून येत असे. त्या वेळचे सल्लागार, डच अर्थतज्ज्ञ अल्बर्ट विन्सेमियस यांनी एका बँकरच्या मदतीने मांडलेला विचार साधा होता. पृथ्वीगोल फिरवून पाहिला तर सॅन फ्रान्सिस्कोचा बाजार मिटल्यापासून झ्यूरिकचा उघडेपर्यंत काही तास पैशाच्या जगात सामसूम असते. सिंगापूर बरोबर त्या खिडकीत बसते. ऑक्टोबर 1968 मध्ये बँक ऑफ अमेरिकेच्या तेथील शाखेला परकी चलनातील ठेवींसाठी स्वतंत्र खातेवही ठेवण्याची परवानगी मिळाली आणि परदेशस्थांच्या अशा ठेवींवरील व्याजाचा कर काढून टाकण्यात आला. यातून ‘एशियन डॉलर’ बाजार जन्मला. हाँगकाँग तेव्हाही अधिक मोठे केंद्र होते, पण तेथे व्याजावरचा कर कायम ठेवला गेला. धाकट्या शहराला संधी मिळाली ती अशी. 1971 मध्ये नाणे प्राधिकरण स्थापन झाले आणि 1978 मध्ये परकी चलनावरची उरलीसुरली नियंत्रणेही उठली.

पैसा का येतो : कर कमी हे एक उत्तर आहे. भांडवली नफ्यावर तेथे कर नाही. वारसा कर 15 फेब्रुवारी 2008 पासून रद्द झाला. व्यक्तीने परदेशात कमावून आणलेल्या उत्पन्नावर सहसा कर लागत नाही. बँकिंग कायद्याचे कलम 47 ग्राहकाची माहिती उघड करण्यास मनाई करते. परंतु केवळ कर वाचवायचा तर जगात त्याहून स्वस्त बेटे पुष्कळ आहेत. जकार्तात मे 1998 मध्ये दंगली उसळल्या, चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांची दुकाने जळाली. तेव्हा त्या कुटुंबांना हवे होते ते दीड तासाच्या विमानप्रवासावरचे असे ठिकाण, जेथे सरकार बदलले म्हणून खाते गोठत नाही आणि न्यायालयात खटला वर्षानुवर्षे कुजत नाही. हाँगकाँगमधील 2019 च्या आंदोलनानंतर आणि 2020 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतरही असाच ओघ दिसला. भीतीने घर सोडलेला पैसा आणि कर चुकवून निघालेला पैसा एकाच विमानाने येतो, आणि बँकेच्या काउंटरवर दोघांचे चेहरे सारखेच दिसतात. या व्यवसायातली सगळी नैतिक अडचण येथे आहे. शेजारच्या गरीब देशाच्या तिजोरीतून निसटलेला पैसा शेवटी तिथल्या शाळा-दवाखान्यांतूनच वजा झालेला असतो, हे विसरून या विषयावर लिहिता येणार नाही.

कामाची पद्धत : खाजगी बँकेत खाते उघडायला सर्वसाधारणपणे 20 ते 50 लाख अमेरिकी डॉलर लागतात; बँकेगणिक उंबरठा वेगळा. कायद्याच्या दृष्टीने ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ ठरण्याची अट बरीच खाली आहे. निव्वळ मालमत्ता 20 लाख सिंगापूर डॉलरांहून अधिक (त्यात राहते घर 10 लाखांपर्यंतच धरतात), किंवा वित्तीय मालमत्ता 10 लाखांहून अधिक, किंवा वर्षाचे उत्पन्न किमान 3 लाख, यांपैकी एक पुरते. हा दर्जा घेतला की सामान्य ग्राहकाला मिळणारी काही कायदेशीर संरक्षणे सुटतात. म्हणून 2019 पासून ग्राहकाने तो स्वतः मागावा लागतो.

ग्राहकाचा संबंध येतो तो रिलेशनशिप मॅनेजरशी, म्हणजे ‘आरएम’शी. त्याच्यामागे गुंतवणूक सल्लागार, कर्जाचे तज्ज्ञ, विश्वस्त व्यवस्थेचे जाणकार असा ताफा असतो. ग्राहक जकार्तात, आरएम मरीना बेच्या एखाद्या मनोऱ्यात आणि खाते मात्र झ्यूरिकच्या वहीत, असेही होते. खाते ज्या ठिकाणी नोंदले जाते त्याला ‘बुकिंग सेंटर’ म्हणतात. काही ग्राहक फक्त आपण सांगू तेवढीच खरेदी-विक्री करून घेतात, काही सल्ला घेतात पण निर्णय स्वतः करतात, तर काही सगळा कारभार बँकेवर सोपवतात. आशियातला पहिल्या पिढीचा उद्योजक हा तिसरा मार्ग सहसा धरत नाही. ज्याने स्वतः पैसा उभा केला त्याला तो दुसऱ्याच्या हाती देववत नाही. त्यामुळे येथील बँकांची कमाई युरोपातल्यासारखी ठरीव वार्षिक शुल्कावर कमी आणि प्रत्येक व्यवहारामागच्या दलालीवर जास्त अवलंबून राहिली. याचा परिणाम चांगला झाला नाही. आरएमचे हित ग्राहकाने वारंवार खरेदी-विक्री करण्यात गुंतले.

याचे बोलके उदाहरण म्हणजे 2007-08 मधले ‘अॅक्युम्युलेटर’. या करारात ग्राहक ठरावीक मुदतीपर्यंत एखादा समभाग बाजारभावाहून स्वस्तात थोडा थोडा घेत राहण्याचे कबूल करी. भाव फार चढला तर करार आपोआप संपे, म्हणजे नफ्याला वरून झाकण. भाव पडला तर मात्र करार चालूच राही, आणि अनेकदा दुप्पट समभाग घेणे बंधनकारक असे. त्यात समभागांच्या तारणावर काढलेले कर्ज. 2008 मध्ये बाजार कोसळल्यावर हाँगकाँग आणि सिंगापूरमधील अनेक धनिक यात भाजून निघाले. बँकवर्तुळात या शब्दाचा उच्चारच ‘आय किल यू लेटर’ असा होऊ लागला. 2011 मध्ये सल्लागारांसाठी आचारसंहिता आणि पात्रता परीक्षा आली, त्यामागे हा अनुभव होता.

वारसांची व्यवस्था हा कामाचा तितकाच मोठा भाग. मालक आपली मालमत्ता विश्वस्तांच्या नावे करतो, तिचा लाभ कोणाला व केव्हा मिळावा हे दस्तऐवजात लिहितो. 2004 मधील कायदादुरुस्तीनंतर परदेशी ग्राहकांना अशा व्यवस्था सिंगापूरमध्ये करणे सोपे झाले. जोडीला मोठ्या रकमेचे आयुर्विमा असतात, ज्यांचे हप्तेही बहुधा बँकेच्या कर्जातून भरले जातात. चांगी विमानतळालगत 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीपोर्ट’ कोठारात चित्रे, मद्य आणि सोने करमुक्त ठेवण्याची सोय झाली.

बँका : यूबीएससारख्या स्विस बँका आघाडीवर असल्या तरी 2008 च्या संकटानंतर युरोपीय बँका मागे हटू लागल्या आणि स्थानिक बँकांनी त्यांची दालने विकत घेतली. ओसीबीसीने 2010 मध्ये डच आयएनजीचा आशियातला खाजगी बँकिंग व्यवसाय घेऊन त्याला ‘बँक ऑफ सिंगापूर’ हे नाव दिले. डीबीएसने 2014 मध्ये फ्रेंच सोसिएते जनरालचा असाच व्यवसाय घेतला. मार्च 2023 मध्ये क्रेडिट स्विस बुडू लागून यूबीएसने ती ताब्यात घेण्याचे ठरले, तेव्हा तिचे सुमारे 1,600 कोटी स्विस फ्रँकचे एटी-वन रोखे (बँक संकटात आल्यास ज्यांची किंमत पुसून टाकता येते असे रोखे) शून्यावर आले. ते धरून बसलेल्यांत आशियातील खाजगी ग्राहकही होते. सुरक्षित म्हणून घेतलेले जे बुडाले ते स्वित्झर्लंडच्याच बँकेचे निघाले, हा धक्का पैशापेक्षा मोठा होता.

कौटुंबिक कार्यालये : एकाच घराण्याची संपत्ती सांभाळणाऱ्या कंपनीला ‘फॅमिली ऑफिस’ म्हणतात. करसवलत मिळवलेली अशी कार्यालये 2020 अखेर 400 होती. 2022 अखेर 1,100 आणि 2024 अखेर 2,000 हून अधिक झाली. सवलत आयकर कायद्याच्या 13-ओ आणि 13-यू या कलमांखाली मिळते. जुलै 2023 पासूनच्या अटींनुसार पहिलीसाठी किमान 2 कोटी आणि दुसरीसाठी 5 कोटी सिंगापूर डॉलरांची मालमत्ता लागते. तिचा एक दशांश किंवा 1 कोटी, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, स्थानिक गुंतवणुकीत घालावी लागते. घराण्याबाहेरचा निदान एक गुंतवणूक व्यावसायिक नेमणेही बंधनकारक आहे. अटी कडक होण्यामागे स्थानिकांची नाराजीही होती. भाडी आणि घरांच्या किमती चढल्या होत्या. एप्रिल 2023 मध्ये परदेशी व्यक्तीने घर घेतल्यास लागणारे जादा मुद्रांक शुल्क 30 वरून 60 टक्क्यांवर नेण्यात आले.

घोटाळे व देखरेख : ‘हा पैसा आला कुठून?’ हा प्रश्न सिंगापूरने उशिरा, पण मग नेटाने विचारायला घेतला. परदेशातील कर चुकवून आलेला पैसा हाताळणे 1 जुलै 2013 पासून तेथे फौजदारी गुन्हा ठरले. मलेशियाच्या वन-एमडीबी या सरकारी निधीतून लुटलेल्या पैशाचा काही भाग सिंगापूरच्या बँकांतून फिरला होता. त्यापायी 2016 मध्ये बीएसआय बँकेचा परवाना काढून घेण्यात आला. 1984 नंतर अशी ही पहिलीच कारवाई. त्याच वर्षी फाल्कन बँकेची शाखाही बंद झाली आणि काही बँकर तुरुंगात गेले.

15 ऑगस्ट 2023 रोजी 400 हून अधिक पोलिसांनी एकाच वेळी आलिशान बंगल्यांवर आणि सदनिकांवर छापे घालून दहा परदेशी नागरिकांना पकडले. बेकायदा ऑनलाइन जुगार आणि फसवणूक यांतला पैसा त्यांनी येथे मुरवला होता. घरे, गाड्या, सोन्याच्या विटा, दागिने आणि बँकखाती मिळून जप्ती 300 कोटी सिंगापूर डॉलरांवर गेली. दहाही जणांना शिक्षा झाली, ती 13 ते 17 महिन्यांची. त्यांच्याकडून सुमारे 94 कोटी 40 लाख डॉलर सरकारजमा झाले. एवढ्या रकमेपुढे शिक्षा अपुरी वाटते. आरोपींपैकी काहींचा संबंध करसवलत मिळालेल्या कौटुंबिक कार्यालयांशी असल्याचे उघड झाल्यावर प्रश्न थेट सरकारच्या चाळणीवर आला. जुलै 2025 मध्ये नाणे प्राधिकरणाने नऊ वित्तसंस्थांना मिळून 2 कोटी 74 लाख 50 हजार डॉलरांचा दंड केला. त्यांच्या फायली पाहता दोष असा आढळला की ग्राहकाने संपत्तीचा जो उगम सांगितला तो पडताळण्यात त्या कमी पडल्या होत्या. कागद होते, ते कोणी संशयाने वाचले नव्हते.

भारत व महाराष्ट्राशी संबंध : सिंगापूरच्या खाजगी बँकांत ‘एनआरआय’ ग्राहकांसाठी वेगळी पथके असतात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरच बाहेर पाठवता येतात. 2004 मध्ये ही मर्यादा 25 हजार होती. या वेगाने चौघांच्या कुटुंबाला खाजगी बँकेचा 50 लाखांचा उंबरठा गाठायला पाच वर्षे लागतील.

हा व्यवसाय मुंबईत का आला नाही, हे मराठी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र करण्यासाठी पर्सी मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2007 मध्ये सविस्तर अहवाल दिला होता. मनुष्यबळ आणि बाजारपेठ दोन्ही येथे होती. अडसर होते चलन नियंत्रण, करपद्धती, रेंगाळणारी न्यायालये आणि शहराची दुरवस्था. वांद्रे-कुर्ला संकुलातील केंद्राची चर्चा पुढे बरीच वर्षे चालली, पण देशातले पहिले असे केंद्र गुजरातेत गांधीनगरजवळ, गिफ्ट सिटीत उभे राहिले. हळहळ वाटावी अशीच ही गोष्ट आहे.

गुप्ततेचे दिवसही आता सरले आहेत. खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप पोचवण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारत 2017 मध्ये आणि सिंगापूर 2018 मध्ये सामील झाले. भारतात करनिवासी असलेल्याचे तेथे खाते असल्यास त्याची शिल्लक व त्यावरील व्याज-लाभांश यांची माहिती दरवर्षी भारतीय आयकर विभागाकडे येते. असे खाते विवरणपत्राच्या ‘एफए’ (परदेशी मालमत्ता) परिशिष्टात दाखवावे लागते. न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपये दंड होऊ शकतो. आणि त्यातला पैसाच अघोषित निघाला तर 30 टक्के कर, त्यावर कराच्या तिप्पट दंड आणि दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.