दुर्बल वृद्धांसाठी स्वयंसेवी सोबत

वयोमानाने शक्ती ओसरलेल्या, बहुधा एकट्या राहणाऱ्या व्यक्तीकडे स्वयंसेवकाने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जाण्याची सेवापद्धती. गप्पा, पत्ते, जमल्यास कोपऱ्यापर्यंत फेरफटका एवढेच तिचे स्वरूप असते. शुश्रूषा किंवा घरकाम हे सोबत्याचे काम नव्हे.

वैद्यकात दुर्बलता म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांच्या २००१ मधील निकषांनुसार नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची क्षीण पकड, मंद चाल आणि कमी हालचाल यांपैकी तीन लक्षणे असली की व्यक्ती दुर्बल ठरते. एकटेपणा त्यात भर घालतो. एकट्यापुरता स्वयंपाक कोण मांडणार, म्हणून चहा-बिस्किटावर भागवले जाते. पडण्याच्या धास्तीने उंबरा ओलांडणे बंद होते आणि स्नायू आणखी झडतात.

व्हिएन्ना वैद्यकीय विद्यापीठाच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्ष विचारात पाडणारा आहे. घरी राहणाऱ्या ८० वृद्धांकडे प्रशिक्षित स्वयंसेवक १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा गेले. एका गटाला व्यायाम व आहाराचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला केवळ सोबत. हाताची पकड व्यायामाच्या गटात सुधारली, ते अपेक्षितच होते. पण दुर्बलतेचे प्रमाण पहिल्या गटात १७ टक्क्यांनी घटले, तर नुसत्या सोबतीच्या गटातही १६ टक्क्यांनी. पोषणही दोन्हीकडे सुधारले. मात्र ज्यांच्याकडे कोणीच गेले नाही असा तिसरा गट चाचणीत नव्हता. त्यामुळे यातले श्रेय सोबतीचे किती आणि काही जण एरवीही सावरले असते त्याचे किती, हे तीवरून सांगता येत नाही. सोबतीचे सगळे गोडवे गाताना ही अडचण बहुधा गाळली जाते. मनःस्थितीबाबतचा पुरावाही बेताचाच: ब्रिटनमधील संशोधकांनी २०१० मध्ये घेतलेल्या एका आढाव्यात सोबतीमुळे नैराश्याची लक्षणे थोडीशीच, पण निश्चित कमी झाल्याचे आढळले.

संघटित स्वरूपात ही पद्धत जुनी आहे. आर्मां मार्किझे यांनी १९४६ मध्ये पॅरिसमध्ये गरीब वृद्धांसाठी संस्था काढली; ‘भाकरीआधी फुले’ हे तिचे ब्रीद. अमेरिकेत १९७४ पासून चालू असलेल्या ‘सीनियर कंपॅनियन’ या सरकारी योजनेत सोबतीही ज्येष्ठच, आज किमान ५५ वर्षांचे असतात. अल्प उत्पन्न असलेल्यांना तासांप्रमाणे थोडे मानधन मिळते, म्हणजे हे स्वयंसेवकत्व अगदी विनामोबदला नाही. पण त्यामुळेच गरीब ज्येष्ठांना हे काम परवडते.