मे महिन्यात घसा बसणारे पेडल

दिवाळीनंतर ब्रह्मपुरी-वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम रंगतो. त्या रात्रींच्या गारठ्यात गिटारचे जे जुने फझ पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम खरबरीत करणारा, पायाने दाबायचा डबा, भरदार वाजते, तेच मे महिन्यात लग्नाच्या मांडवात, पारा 45 अंशांवर गेलेला असताना, घसा बसल्यासारखे खरखरते आणि सूर मध्येच तुटू लागतो. पेडल उघडून पाहावे तर जळालेले काहीच सापडत नाही, कारण खोड बहुधा जर्मेनियमच्या, म्हणजे आतले जुने ट्रान्झिस्टर ज्या पदार्थाचे बनलेले असतात त्याच्या, स्वभावातच असते.

गिटारकडून येणारा क्षीण संकेत इतका वाढवायचा की त्याच्या लाटांचे माथे आणि तळ छाटले जावेत, एवढेच फझचे काम. 1966 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फझ फेस’मध्ये ते अवघे दोन ट्रान्झिस्टर, म्हणजे संकेत वाढवणारे छोटे तीन पायांचे भाग, करतात. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून थोडा प्रवाह झिरपतोच. जर्मेनियममध्ये ही गळती सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त असते आणि तापमान साधारण 10 अंशांनी वाढले की ती जवळपास दुप्पट होते. म्हणजे 20 अंशांच्या रात्रीच्या तुलनेत 45 अंशांच्या दुपारी ती पाच-सहा पट भरते. उन्हात तापलेल्या धातूच्या डब्यात तर त्याहूनही अधिक.

9 व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपाशी, म्हणजे वाढलेला संकेत जिथून मिळतो त्या पायापाशी, बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे 4.5 व्होल्ट असावेत, म्हणजे लाटेला दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळते. गळती वाढली की हा आकडा एका बाजूला सरकतो. तेथील 8.2 किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी छोटा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर, बसवला, तर ऋतूप्रमाणे तो फिरवून आकडा जागेवर आणता येतो. मोजताना मात्र ट्रान्झिस्टरला नुसते बोट लागले, तरी अंगाच्या उबेनेच मल्टिमीटरवरचा आकडा हलू लागतो. म्हणून सोल्डरिंग करताना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यात धरावा, म्हणजे उष्णता चिमटा शोषून घेतो. आणि पंधरा-वीस मिनिटे थांबूनच माप घ्यावे.

अशा अनेक जुन्या पेडलांत बॅटरीचे धन टोक जमिनीला, म्हणजे डब्याला, जोडलेले असते. बाकीच्या पेडलांचे ऋण टोक डब्याला असल्यामुळे सर्वांना एकाच अडॅप्टरवर जोडले, तर सरळ शॉर्टसर्किट होते. अशा जुन्या पेडलला बॅटरी वेगळी द्यावी. एकापुढे एक जोडलेल्या पेडलांच्या साखळीतही त्याला गिटारला लागून पहिले स्थान द्यावे, नाहीतर गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज निवळण्याची त्याची खुबी हरवते.

कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ नॉबमध्ये शिरून करकर ऐकू येते. ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुधा जाते. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) मात्र आतून सुकतात आणि ते बदलावेच लागतात. वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढून ठेवावी, कारण ती आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. आणि मृगापूर्वी बॅटरीच काढावी, कारण विसरलेली बॅटरी पाझरली की तिच्या टोप्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि तारा आतून कुरतडल्या जातात.